नऊशे सत्तेचाळीसची बाई

नेवा कास्टोचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. लाँड्रीचं फाटक पाचला उघडायचं आणि पाचच्या ठोक्याला तिचे हात चादरीवर असायचे. एक मिनिट उशीर नाही. अडतीस वर्षं मी तिच्या समोर उभी होते, म्हणून सांगते.

आमचं काम असं. मध्ये ओल्या चादरींचा गाडा. ती डावीकडे, मी उजवीकडे. दोघींनी एकेक कोपरा उचलायचा, झटकायचा, कड ताणून पट्ट्यावर ठेवायची. पुढे तापलेले रूळ चादर ओढून घेतात आणि पलीकडे दोघी जणी घडी घालतात. मिनिटाला सात चादरी. एकीचा हात मागे पडला की चादर तिरकी जाते. तिरकी गेली की रुळाला गुंडाळते, आणि मग यंत्र थांबवून चटके खात ती सोडवावी लागते. त्यामुळे जोडीदारीण कशी आहे हे तोंड बघून ठरवावं लागत नाही. कापडातून कळतं. नेवा रात्री झोपली होती का, गुडघा दुखतोय का, घरी धुसफूस झालीय का, ते मला चादरीच्या ओढीवरून कळायचं.

२००२ च्या उन्हाळ्यात तिच्या बाजूची चादर थरथरायला लागली.

तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. पाळी आदल्या वर्षीच थांबली होती. अंगात झळा, घाम, झोप नाही, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि त्यांनी बरं वाटत होतं. जुलैमध्ये टीव्हीवर बातमी आली की या गोळ्यांनी छातीचा कॅन्सर वाढतो, हृदयाला धोका होतो. आमच्या गावच्या डॉक्टरांनी त्या आठवड्यात सगळ्याच बायकांच्या गोळ्या बंद केल्या. हळूहळू नाही, एका दिवसात. आमच्या शिफ्टमध्ये अशा सहा जणी होत्या.

जेवणाच्या सुट्टीत तोच विषय.

"गाभण घोडीच्या मुतापासून काढतात म्हणे त्या गोळ्या," घडीवरची अर्डिथ म्हणाली. "वर्षभर तेच गिळलंस, नेवा. आता सुटायला त्रास होणारच."

"तरीच लाथ मारावीशी वाटते," नेवा म्हणाली. "ये जरा पुढे. उभी राहा इथे."

"माझं तर काय झालंय," अर्डिथ म्हणाली, "दुकानात मटारच्या फ्रीजमध्ये डोकं घालून उभी राहते. परवा मॅनेजर विचारतो, बाई, काही हवंय का? म्हटलं, हो, बाहेरून दार लाव."

सगळ्या हसल्या. नेवाही हसली. पण तिचा डबा तसाच झाकलेला होता.

तिला झळांची भीती नव्हती. लाँड्रीत काय, सगळ्याच घामाघूम. तिला भीती होती ती आईची.

आमचं गाव बेकर्स फोर्क, वेस्ट व्हर्जिनियात. गावामागच्या टेकडीवर वेड्यांचं सरकारी हॉस्पिटल होतं. कुणी जरा विचित्र वागलं की आम्ही म्हणायचो, याला टेकडीवर धाडा. नेवाच्या आईला, आयसी श्रीव्हला, १९६२ मध्ये खरोखरच धाडलं होतं. आयसी अठ्ठेचाळीस वर्षांची होती, नेवा नऊ. त्याआधीचे सहा महिने आई रात्री अनवाणी घरभर फिरायची. मग स्वयंपाकघरातला नळ सुरू व्हायचा आणि बराच वेळ चालू राहायचा. नेवा एकदा उठून बघायला गेली. आई नळाखाली दोन्ही मनगटं धरून उभी होती. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आई म्हणाली, "झोप जा बाळा. मी जरा गार होतेय." नंतर एका सकाळी गाडी आली. वडिलांनी कागदावर सही केली. आई पुन्हा घरी आली नाही. १९६९ मध्ये गेली, आणि पुरून झाल्यावर पत्र आलं.

हे सगळं तिनं मला एकदाच सांगितलं, त्या ऑगस्टमध्ये, गाडा ढकलताना. मग म्हणाली, "ग्लेना, काल मी जागी झाले तेव्हा मोरीपाशी उभी होते. मनगटं नळाखाली. पलंगावरून कधी उठले, आठवत नाही."

"किती वाजले होते?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"दोन दहा."

नवरा, डॉर्सी, मागे येऊन उभा होता म्हणे. खाणीतून निवृत्त झालेला, मनानं चांगला माणूस, पण कुठे काय बोलावं ते कळत नसे. तिला तसं बघून म्हणाला, "काय गं, टेकडीवर फोन लावू का?" गंमत केली त्यानं. आमच्याकडे सगळेच ती गंमत करतात. नेवा त्या रात्रीपासून पुढच्या खोलीत, कोचावर झोपायला लागली.

सप्टेंबरात अर्डिथनं बातमी आणली. शेजारच्या गावात एक औषधवाला स्वतः मलम बनवून देतो. रताळ्यासारख्या कंदापासून काढलेलं, बाईच्या अंगात असतं हुबेहूब तेच. लंट त्याचं नाव. सुट्टीच्या दिवशी मी नेवाला घेऊन गेले. दुकान स्वच्छ, माणूस मऊ बोलणारा. त्यानं एका नळीत तिची थुंकी घेतली.

"हे कारखान्यातलं सरसकट औषध नाही," तो म्हणाला. "तुमच्या थुंकीवरून फक्त तुमच्यासाठी बनवणार. निसर्गातलं आहे. शरीर त्याला ओळखतं."

"कॅन्सर?" नेवानं विचारलं.

"घोडीचं घोडीला, बाईचं बाईला. तुमचंच तुम्हाला परत देतोय मी. त्यात कसली भीती?"

महिन्याला बासष्ट डॉलर. विमा त्यातला एक पैसाही देत नव्हता. आमचा पगार बघता महिन्यातला जवळजवळ एक अख्खा दिवस ती त्या डबीसाठी उभी राहायची. तिनं कुरकूर केली नाही.

पहिले दोन आठवडे काही नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी मी कोपरा उचलला आणि तिच्या बाजूनं चादर सरळ, घट्ट आली. मी मान वर केली. ती म्हणाली, "सहा तास झोपले." आणि झटकली चादर. एवढंच. तेव्हा वाटलं, सुटली बाई.

आणि खरंच बरं चाललं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं त्यामुळे लोक म्हणतात की मलम म्हणजे निव्वळ फसवणूक. तसं नव्हतं. ती जेवायला लागली, अर्डिथला उलट बोलायला लागली. नळावर जाणं थांबलं.

फक्त मधूनमधून एखादी वाईट रात्र यायची. तशी आली की ती सांगितल्यापेक्षा जास्त मलम लावायची. लाँड्रीतली सवय ती. एका धुण्यात डाग गेला नाही तर पुन्हा घाला, साबण वाढवा. आम्ही सगळ्या तशाच. मला ती सांगायची आणि मी मान हलवायचे. माझीही चूक त्यात आहे.

२००४ च्या फेब्रुवारीत गाड्याच्या कडेला मला रक्त दिसलं. आमच्याकडे हॉस्पिटलच्या चादरी यायच्या, रक्त नवीन नव्हतं. पण धुऊन आलेल्या गाड्यावर ताजं रक्त नसतं. मग तिच्या पांढऱ्या कपड्यांकडे नजर गेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नाताळपासून." ती गार पाण्यानं डाग चोळत होती. रक्ताला गार पाणीच लागतं, गरम घातलं की डाग पक्का होतो. "मला वाटलं, पाळी परत आली. अंग तरुण झालं असेल."

"पन्नाशी उलटून?"

"अगं, लंट म्हणतो असं होतं कधीकधी."

"लंटला येते का पाळी?" मी म्हटलं. "उद्या तू डॉक्टरकडे जाणार आहेस. नाही गेलीस तर मी तुझ्या समोर उभी राहणार नाही. दुसरी जोडीदारीण बघ."

जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. नवीन आलेली डॉक्टर सटफिन, तिशीतली, परगावची. तिनं तपासलं, पोटाचा फोटो काढला, आतला तुकडा काढून पाठवला. आठ दिवसांनी आम्हा दोघींना बसवून सांगितलं. गर्भाशयाचं अस्तर जाड झालंय. कॅन्सर नाही. पण असंच सोडलं तर पुढे होऊ शकतो.

"पण ते नैसर्गिक होतं," नेवा म्हणाली.

"होतं ना. नैसर्गिक म्हणजे काम करत नाही असं नाही," डॉक्टर म्हणाली. "यात दोन औषधं असतात. एक झळा थांबवतं, पण अस्तर वाढवतं. दुसरं त्या वाढीला आवर घालतं. तुमच्या डबीतलं पहिलं अंगात भरपूर जात होतं. दुसरं कातडीवर लावून गर्भाशयापर्यंत पुरेसं पोचत नाही. आणि डबीत नेमकं किती आहे, हे बनवणाऱ्याशिवाय कुणी तपासलेलं नाही."

"थोडं जास्त लावायचे मी," नेवा हळूच म्हणाली.

"बरं झालं सांगितलंत. ते मलम आजपासून बंद. तीन महिने फक्त आवर घालणाऱ्या गोळ्या. मग पुन्हा तुकडा तपासू. अस्तर नीट झालं तर अंगातल्यासारखंच औषध कातडीला चिकटवायच्या पट्टीतून आणि कॅप्सुलमधून देता येईल. मोजलेलं, तपासलेलं. पण आधी घरातला आजार कळायला हवा. आई कशानं गेल्या? छातीचा कॅन्सर? गर्भाशयाचा?"

"टेकडीवर गेली," नेवा म्हणाली.

"कुठली टेकडी?"

आम्ही तिला सगळं सांगितलं. आजवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

डॉक्टरनं सांगितलं, मुलीला आईचे कागद मागता येतात. अर्ज केला. ते तीन महिने मी विसरणार नाही. त्या गोळ्यांनी अस्तर आवरलं असेल, पण झळा परत आल्या आणि नळही परत आला. मार्चमध्ये एकदा तिच्या बाजूची चादर सुटली, रुळाला गुंडाळली आणि माझी करंगळी भाजली. तिनं माफी मागितली नाही. रुळाकडे बघत म्हणाली, "माझ्या मागे कुणी उभं आहे का गं?"

"नाही."

"नीट बघ."

मी बघितलं. वाफ होती.

"डॉर्सी सही करेल," ती म्हणाली. "कोणत्याही दिवशी करेल. बाबांनी पण आदल्या रात्री गंमतच केली होती."

म्हणजे प्रश्न साधा होता. आईला कॅन्सर निघाला तर औषध मिळणार नाही. औषध नाही तर ती आई होणार. तिच्या मनात हे इतकं पक्कं बसलं होतं की मी काहीही बोलले तरी वाया.

इथे नंबरबद्दल सांगायला हवं. नेवाचे वडील १९७८ मध्ये गेले, तेव्हा कपाटाच्या वरच्या फळीवर कागदी पिशवी सापडली. टेकडीवरून आलेली. आत आईचा रात्रीचा झगा आणि केसांच्या चार पिना. झग्याच्या गळ्याला पट्टी शिवलेली, ९४७. नेवा आणि मी ती पिशवी घेऊन टेकडीवरच्या दफनभूमीत गेलो. तिथे नावं नाहीत. नुसते लोखंडी क्रूस आणि त्यावर नंबर. वरच्या बाजूला ९४७ सापडला. मे महिन्यात आमच्याकडे सगळे आपापली थडगी साफ करून फुलं ठेवतात. नेवा दर मे महिन्यात कॉफीच्या डब्यात पिओनीची फुलं घेऊन ९४७ वर जायची. गवत कापायची, क्रूसाला रंग द्यायची, तासभर बसून बोलायची. पंचवीस वर्षं. एकही वर्ष चुकवलं नाही.

मे २००४. लिफाफा आला. दुपारी दोनला शिफ्ट सुटल्यावर गाडीत बसून तिनं तो मला दिला. "तू वाच."

मी वाचलं. "वय अठ्ठेचाळीस. पाळी बंद. सहा महिने झोप नाही. खूप घाम. कारण नसताना रडते. रात्री फिरते, गार पाण्यात हात धरते. नवरा सांगतो की स्वयंपाकाकडे लक्ष नाही." खाली आजाराचं नाव होतं, बदलत्या वयाची खिन्नता. खाली वडिलांची सही.

"हे माझे कागद आहेत," नेवा म्हणाली. "डॉक्टरनं माझे पाठवलेत."

"१९६२ लिहिलंय."

"पुढे वाच."

विजेचे झटके, चौदा वेळा. मग वर्षाला एकेक ओळ. "शांत. मुलीबद्दल विचारते." "लाँड्रीत काम करते. इस्त्रीच्या यंत्रावर, डाव्या बाजूला. काम चोख." पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. सहा वर्षं बाई त्या वाफेत उभी राहिली, पगार शून्य, आणि मेहनतीची नोंद दोन शब्दांची.

नेवानं आपले हात मांडीवर उताणे ठेवले होते. त्यांच्याकडे बघत होती.

"कशानं गेली?"

"न्यूमोनिया. फेब्रुवारी एकोणसत्तर. आधी तपासणी झालीय. छातीत गाठ नाही. गर्भाशय ठीक." मी तीनदा वाचलं. "नेवा, कॅन्सर नाही. आणि वेडही कुठे दिसत नाही गं मला. हे तर अर्डिथचं वर्णन आहे. माझंही."

ती रडली नाही. म्हणाली, "एक गोळी. एक पट्टी. तेवढ्यात घरी राहिली असती." मग म्हणाली, "अजून काय आहे?"

शेवटची ओळ होती. दफन, थडगं क्रमांक १३८२.

मला आधी वाटलं, छापण्यात चूक आहे. मग कळलं. ९४७ हा कपड्याचा नंबर होता. धुलाईची खूण. माणूस गेलं की तो दुसऱ्या कुणाला देतात. थडग्यांचे नंबर पुरण्याच्या क्रमानं, निराळे. दुसऱ्या कुणी ती पट्टी बघून विचारलं असतं, हा कसला नंबर? आम्ही लाँड्रीवाल्या. आमच्याकडे वस्तू शंभर ठिकाणी फिरते आणि नंबरावरून जागेवर परत येते. नंबर खोटं बोलत नाही, एवढंच आम्हाला माहीत. वरच्या रांगा जुन्या आहेत, एकोणसत्तरचं माणूस तिथे कसं असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही.

"मग ९४७ मध्ये कोण आहे?" नेवानं विचारलं.

ती हॉस्पिटलच्या ऑफिसात गेली. तिथल्या बाईनं वही उघडली, बंद केली. "नाव देता येत नाही. तुम्ही नातेवाईक नाही."

"पंचवीस वर्षं मी तिला आई म्हणतेय."

बाईनं इकडेतिकडे बघितलं. "एक स्त्री. १९३८. मला एवढंच सांगता येईल."

१३८२ खाली कुंपणापाशी निघालं, काटेरी झुडपांत. आम्ही दोन विळे, एक कुदळ आणि लोखंडी सळई घेऊन गेलो. चार तास कापलं. हात रक्तबंबाळ. क्रूस जमिनीत गेला होता. सळई टोचत टोचत गेलो तेव्हा टण् आवाज आला. डॉर्सीही आला होता. त्यानं खणलं. नंबर पुसून झाल्यावर म्हणाला, "नेवा, ती गंमत मी पुन्हा करणार नाही."

"कर," ती म्हणाली. "पण सही केलीस तर हात मोडेन."

जूनमध्ये अस्तर नीट झालेलं निघालं. डॉक्टरनं पट्टी आणि कॅप्सुल दिली. दर सहा महिन्यांनी तपासणी. यावेळी नेवानं एकही पट्टी जास्त लावली नाही. झळा गेल्या, चादर सरळ आली. जादू झाली नाही. आठवड्यातून एखाद्या रात्री ती दोन दहाला जागी व्हायची. पण नळावर जायची नाही.

"दोन दहाला आई येते का?" मी एकदा विचारलं.

"आई नाही आता. तिला मी सापडले." ती चादर ताणत म्हणाली. "दुसरी येते. पायाशी उभी राहते. तोंड दिसत नाही. विचारते, आता तू खाली जाणार, मग माझ्याकडे कोण?"

मी हसले नाही. तुम्ही पंचवीस वर्षं कुणाच्या तरी पायाशी बसून आपली दुःखं सांगितली असतील, तर ते माणूस विचारणारच.

नेवा २०१५ मध्ये निवृत्त झाली. शेवटच्या तीन वर्षांत मिळेल तो रविवार तिनं जादा काम केलं, बासष्टीच्या गुडघ्यांनी. कशासाठी, ते मला सांगितलं नव्हतं. शेवटच्या पगारानंतर मला दगड घडवणाऱ्याकडे घेऊन गेली. हॉस्पिटलवाल्यांनी जमिनीबरोबरचे दगड लावायला परवानगी दिली होती. पहिल्या दगडावर तिनं आईचं नाव सांगितलं, जन्माचं आणि मृत्यूचं वर्ष सांगितलं, आणि खाली दोन शब्द. काम चोख.

"आणि हा दुसरा?" माणसानं विचारलं. "यावर काय कोरू?"

"काही नाही."

"बाई, कोरा घेतला तरी पैसे तेवढेच."

"माहीत आहे," नेवा म्हणाली. "दगड चांगल्यातला दे. नाव कळलं की कोरायला जागा हवी."

तो दगड ९४७ वर आहे. मे महिन्यात आम्ही दोन डबे नेतो. नाव अजून कळलेलं नाही.